रात्रपाळीचा नाताळ

सोलापूरला नाताळ शोधावा लागतो. वसईत किंवा वांद्र्याला तोच आपल्याला गाठतो. इथं डिसेंबर लागला की गावाचं मन गड्ड्याकडे, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेकडे धावतं. नंदीध्वज पेलायचा सराव सुरू होतो, ओळखीपाळखीतून हुरड्याची बोलावणी येतात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मंडईत फुलांचा भाव चढतो. त्या गडबडीत एखाद्या बेकरीवर लाल टोपी, सात रस्त्याला एखाद्या दुकानाच्या काचेआड प्लास्टिकचं झाड आणि रेल्वे लाइन्सकडच्या चार-दोन घरांवर कागदी चांदणी, एवढाच आमचा सण रस्त्यावर दिसतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सण लहान असला की त्यात आपल्याला काय हवंय ते लवकर कळतं.

आम्ही कॅथलिक इथं मूठभर, आणि तेही एका घडणीचे नाही. माझे वडील नगर जिल्ह्यातले, लहानपणी हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला बैलगाडीतून जाणारे. रेल्वेच्या नोकरीपायी सोलापूरला आले आणि इथलेच झाले. चर्चमध्ये आमच्या शेजारच्या बाकावरचं कुटुंब घरी तेलुगू बोलतं, पुढचं कोकणी, मागचं मल्याळी. गायनवृंदात एक तमिळ मावशी आहेत, त्या मराठी भजनं अशा ठेक्यात म्हणतात की पेटीवाल्याला हसू आवरत नाही. धर्मप्रांत पुण्याचा, १८८६ साली स्थापन झालेला. त्या काळी इथलं मिशन जेझुइट संघाच्या जर्मन धर्मगुरूंकडे होतं. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आली. त्याआधी माझ्या आजीनं सगळे नाताळ लॅटिनमध्ये ऐकले. कळत काही नसे. पण ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला घंटा वाजल्या की बाळ आलं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढं तिला पुरायचं.

मी नर्स. नोकरीतली बहुतेक वर्षं प्रसूती विभागात गेली आणि त्यातले बरेच नाताळ ड्युटीवर गेले. डिसेंबरचा तक्ता लागला की बरोबरच्या मुली म्हणायच्या, “सिस्टर, तुमचा सण आहे, आपण रात्र बदलून घेऊ.” कधी घेतली, कधी जमलं नाही. त्यांच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी करायची, तो आमचा हिशोब होता. नाताळच्या आनंदाबद्दल मला जे काही सांगायचंय ते ह्या रात्रींमधून आलेलं आहे, त्यामुळं ते जरा डेटॉलच्या वासाचं असणार.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, आमच्या वेदीपाशी हिरव्या पानांचं एक कडं ठेवतात. त्यात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एकेक पेटते. जांभळा रंग वाट पाहण्याचा आणि पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी पेटते, फादरही गुलाबी झगा घालतात (आमच्याकडचा गुलाबी थोडा राणी कलरकडे झुकतो आणि पुढच्या बाकांवरची पोरं खुसखुसतात), आणि संत पौलानं फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं वाक्य कानावर पडतं: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.

हे वाक्य मला बरीच वर्षं खटकायचं. अभ्यास कर, गप्प बस, औषध घे, हे सांगता येतं. आनंद कर, हे कसं सांगणार? कळा देणाऱ्या पहिलटकरणीला आम्ही ‘घाबरू नको गं’ म्हणतो तेव्हा त्याचा तिला कितपत उपयोग होतो हे आम्हाला चांगलं माहीत असतं. त्यात पौलानं हे पत्र तुरुंगातून लिहिलेलं. लिहिणाऱ्याचं काही बरं चाललेलं नव्हतं, आणि तरी दोनदा सांगतोय.

दुकानात आणि मोबाइलवर जो नाताळचा आनंद मिळतो त्याची तऱ्हा वेगळी आहे. मन प्रसन्न हवं, घर भरलेलं हवं, फोटोत सगळे हसरे हवेत. ज्या घरातून त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, ज्यांचा मुलगा दुबईहून येऊ शकलेला नसतो, त्यांच्या दारात हा आनंद वर्गणी मागायला आलेल्या पोरांसारखा उभा राहतो. दिल्याशिवाय हलत नाही. अशी माणसं मिस्सेनंतर घाईनं घरी जातात, हे मी पाहिलंय. त्यांची श्रद्धा कमी असते म्हणून नव्हे, चेहरा करायचा कंटाळा आलेला असतो म्हणून.

पण लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलात त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, दुसरा अध्याय शांतपणे वाचला तर लक्षात येतं, तिथं कुणालाच प्रसन्न वाटत नव्हतं. शिरगणतीचा सरकारी हुकूम, भरल्या दिवसांची बाई, नाझरेथहून यहूदियापर्यंतचा प्रवास, उतारशाळेत जागा नाही. मेंढपाळांना तेज दिसलं तेव्हा ते भयानं गारठले. देवदूताला आधी ‘भिऊ नका’ म्हणावं लागलं आणि मग सांगता आलं की मोठ्या आनंदाची सुवार्ता आणली आहे. म्हणजे आनंद तिथं बातमी म्हणून आला. बातमी ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे मी बाहेर बाकड्यावर पेंगणाऱ्या बापाला सांगते तेव्हा तो खूश आहे की चिंतेत, यावर ती गोष्ट खरी-खोटी ठरत नाही. ती झालेली असते. पौल तुरुंगात बसून जे म्हणत होता ते मला इथून हळूहळू कळायला लागलं.

आणि बातमी आधी मिळाली कुणाला? रात्रपाळीवाल्यांना. यरुशलेम तिथून आठ-दहा किलोमीटरवर. मंदिर तिथं, याजक तिथं, शास्त्री तिथं, हेरोद राजाचा वाडा तिथं. बेथलेहेमही निजलेलं. जागे होते ते रानातले मेंढपाळ, आणि तेही प्रार्थनेसाठी नव्हे, कामासाठी.

सोलापूरकराला रात्रपाळी समजावून सांगावी लागत नाही. गिरण्या होत्या तेव्हा घराघरातलं जेवण, झोप, भांडणं, सगळं भोंग्यावर चालायचं. गिरण्या गेल्या, पण पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट अजून रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. स्टेशनवर तर रात्र होतच नाही. आणि मेंढपाळ आमच्या डोळ्यांदेखतचे आहेत. पीक निघालं की धनगरांचे वाडे रानात उतरतात, शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो, जाळीच्या कुंपणात कळप आणि बाहेर घोंगडं पांघरून कुत्र्यांच्या संगतीनं बसलेला माणूस. नान्नजच्या माळाकडे लांडगे आहेत, त्यामुळं झोप लागली तरी एक कान उघडाच. बेथलेहेमची गोष्ट पहिल्यांदा ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं पांढऱ्या झग्यातले, हातात वाकडी काठी घेतलेले कार्डावरचे मेंढपाळ कधी आलेच नाहीत. हे आले.

मेंढपाळांना खूण काय दिली, तर कापडात गुंडाळून गव्हाणीत निजवलेलं एक बाळ. लूकनं हे गुंडाळणं दोनदा लिहिलंय: एकदा मरियेनं केलं म्हणून, एकदा देवदूताच्या तोंडी खूण म्हणून. लूक वैद्य होता असं आम्ही मानतो; पौलाच्या एका पत्रात त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. नर्सला त्याचं नवल वाटत नाही. कारण नवजात बाळाबद्दल पहिली गोष्ट हीच असते. त्याला आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करता येत नाही. कातडी ओली, डोकं शरीराच्या मानानं मोठं; उघडं राहिलं तर बघता बघता गार पडतं. म्हणून बाळ बाहेर आलं की आधी कोरडं करायचं, ओलं कापड फेकायचं, सुक्यात गुंडाळायचं, डोक्यावर टोपी, आणि आईच्या छातीवर द्यायचं. अडीच किलोच्या आतलं असेल तर आणखी जपायचं. आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्मरचं, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचं, फार कौतुक होतं. पुढं कांगारू पद्धतीचं प्रशिक्षण झालं तेव्हा कळलं की तिची सुरुवात १९७८च्या सुमाराला कोलंबियात, बोगोटाच्या एका हॉस्पिटलात झाली. तिथं इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधली. गरिबीतून निघालेला उपाय. आता जगभर तोच शिकवतात.

बेथलेहेम डोंगरावरचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास. हिवाळ्यातली रात्र तिथं चांगली गार असते. (२५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही, हे मला एका डॉक्टरनं ड्युटीवर चहा पिताना मोठ्या विजयानं सांगितलं होतं. बरोबर आहे. रोममध्ये ह्या तारखेची नोंद चौथ्या शतकातली. माझं तारखेशी भांडण नाही. आमच्याकडं शाळेच्या दाखल्यावरसुद्धा बऱ्याच जणांची जन्मतारीख एक जून असते.) तर त्या गार रात्री, ज्याला आम्ही श्रद्धाप्रकटनात, म्हणजे मिस्सेत सगळे मिळून आपली श्रद्धा बोलून दाखवतो तेव्हा, ‘सर्वसमर्थ’ म्हणतो तो असा आला की कुणी पुसून, गुंडाळून जवळ घेतलं नसतं तर त्याची रात्र निघाली नसती.

देवाचं प्रेम म्हटलं की आपल्या मनात देणारा देव येतो. पाऊस देतो, लेकरू देतो, क्षमा करतो. ते खरंच आहे. पण ज्याला कुणाकडून काही घ्यावंच लागत नाही, त्याच्या देण्यात थोडं अंतर राहतं. वॉर्डात फळं वाटायला येणारे पाहुणे मी पाहते. फळं चांगली असतात, हेतूही वाईट नसतो, पण घेणारी बाई पदर सावरून उठून बसते आणि फोटो होईपर्यंत तशीच बसते. बेथलेहेमात देवानं ही मांडणीच उलटी केली. तो घेणाऱ्याच्या जागी आला. दूध घेतलं, ऊब घेतली, सुताराच्या घरची जागा घेतली. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे की आधी आपण देवावर प्रेम केलं असं नाही, त्यानं आपल्यावर केलं. सुरुवात त्याची. पण सुरुवात करताना त्यानं पहिलं काय केलं असेल तर आपल्याला त्याच्यावर प्रेम करता येईल एवढा तो लहान झाला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेलं आपलं पहिलं मोठं पत्र देवाच्या प्रेमाविषयी आहे, आणि त्यावर त्यांनी सही केली ती २५ डिसेंबर २००५ रोजी. दुसरी कुठली तारीख त्याला शोभली असती?

एरवी श्रद्धाप्रकटन म्हणताना तो मानव झाला ह्या ओळीला आम्ही मान झुकवतो. वर्षातून दोनदा मात्र त्या ओळीला सगळं चर्च गुडघे टेकतं: नाताळला, आणि २५ मार्चला, गाब्रिएल दूतानं मरियेला संदेश दिला त्या सणाला. बरोबर नऊ महिने. हा हिशोब ज्यानं कुणी घातला त्याच्या घरात एखादी सुईण असणार, असं मला नेहमी वाटतं. नाताळच्या रात्री त्या ओळीला संधिवाताची म्हातारी माणसंही बाकाला धरून धरून खाली जातात, आणि उठताना शेजारच्याचा खांदा धरतात. मला मिस्सेतला हा भाग सगळ्यात आवडतो. गाण्यांपेक्षाही.

हे सगळं लिहिताना सोपं वाटतं, म्हणून एक रात्र सांगायलाच हवी. नाताळचीच. मिस्सा सुटायच्या सुमाराला आमच्याकडे एक बाळ गेलं. आई खेड्यातली, उशिरा पोचलेली. कुणाच्या हातात काही राहिलं नव्हतं. त्या रात्री माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही, आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द तर मी ड्युटीवर कुणालाही म्हणू देत नाही. मी आणि वॉर्डातल्या मावशींनी बाळाला कोमट पाण्यानं पुसलं, सुकं कापड घेतलं आणि जिवंत बाळाला गुंडाळतो तसंच गुंडाळलं. मी टोपी उचलली तेव्हा मावशी म्हणाल्या, “आता टोपी कशाला ओ सिस्टर?” आणि मग त्यांनीच माझ्या हातातून ती घेतली आणि कानावरून नीट बसवली. आईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं तर कापडाचा सुटलेला कोपरा आत खोचला.

ह्याला आनंद म्हणायचं का? नाही म्हणवत. पण तिथं प्रेम होतं, ह्याबद्दल मला शंका नाही, आणि ते आम्ही तिघींनी तिथं निर्माण केलं होतं असंही मला वाटत नाही. ते आधीच होतं. आम्ही फक्त त्याच्या कामाला लागलो.

त्यानंतर मला नाताळच्या आठवड्याची रचना वेगळी दिसायला लागली. २६ डिसेंबरला संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला हुतात्मा. २८ला हेरोदानं मारलेली बेथलेहेमची निरपराध बाळं. करंज्यांचा डबा अर्धाही संपलेला नसतो आणि वेदीवर लाल वस्त्र, रक्ताचा रंग. सणाचा खप वाढवायचा असता तर कुठल्याही शहाण्या माणसानं हे दिवस फेब्रुवारीत ढकलले असते. ख्रिस्तसभेनं ते गव्हाणीला लागून ठेवले. लूकही ठेवतोच. क्रुसावरून उतरवल्यावर अरिमथाईच्या योसेफानं येशूला तागाच्या वस्त्रात गुंडाळलं, असं त्यानं पुढं लिहिलंय. पहिल्या रात्रीचं कापड एका योसेफाच्या देखत, शेवटच्या संध्याकाळचं दुसऱ्या योसेफाच्या हातून. आणि रविवारी पहाटे पेत्र धावत कबरेकडे गेला तेव्हा त्याला दिसली ती नुसती वस्त्रं. त्या रात्रीच्या बाळाचं मी काही सांगू शकत नाही. पण ज्याच्यावर माझा विश्वास आहे तो ह्या दोन्ही गुंडाळण्यांतून गेलेला आहे, हे मला ठाऊक असतं, आणि मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाऊ शकते.

आनंद कसा येतो याची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ‘लिटल फ्लॉवर’ हे नाव सोलापुरात शाळेमुळं सगळ्यांना माहीत आहे. ते छोटं फूल म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा. १८८६चा नाताळ, हो, ज्या वर्षी पुणे धर्मप्रांत झाला तेच साल. तेरेझा चौदाची व्हायला आली होती, आई लहानपणीच गेलेली, घरातली धाकटी, अतिशय हळवी, कशावरूनही डोळ्यांत पाणी. मध्यरात्रीची मिस्सा करून सगळे घरी आले. तिकडं शेकोटीपाशी मुलांच्या बुटात भेटी ठेवायची पद्धत. वडील दमलेले होते. ते बोलून गेले की बरं झालं, हे शेवटचंच वर्ष. जिना चढता चढता तिनं ते ऐकलं. बहीण सेलिन तिला म्हणाली, आत्ता खाली जाऊ नको, रडशील. तेरेझानं डोळे पुसले, खाली गेली आणि एकेक भेट अशी हसत उघडली की वडीलही हसायला लागले. बस, एवढंच. पुढं तिनं लिहिलं की त्या रात्री तिच्या हृदयात प्रेम शिरलं, स्वतःला विसरून दुसऱ्याला सुख द्यावंसं वाटू लागलं, आणि तेव्हापासून ती सुखी झाली. क्षयानं २४व्या वर्षी गेलेली मुलगी आहे ही. १९२५ साली ती संत झाली, आणि जेमतेम शाळा शिकलेल्या ह्या पोरीला १९९७ साली ख्रिस्तसभेनं धर्मपंडितांच्या रांगेत बसवलं.

मला यात आवडतो तो क्रम. तिला आधी आनंद झाला आणि मग ती खाली गेली, असं झालं नाही. आधी खाली गेली. मेंढपाळांचंही तेच: देवदूतांचं गाणं ऐकून ते तिथंच डोलत बसले नाहीत, लगबगीनं बेथलेहेमला गेले, बाळ पाहिलं, आणि देवाची स्तुती करत परतले ते कळपाकडे, म्हणजे पुन्हा ड्युटीवरच. प्रसूती विभागातला माझा अनुभव ह्याला साक्ष आहे. रात्री तीनला पाय भरून आलेले असतात, घरी कोण काय जेवलं याची काळजी असते, मन कोरडं पडलेलं असतं. अशा वेळी एखादं ओलंचिंब, चिडलेलं, जांभळट बाळ हातात येतं. हात आपलं काम करतात. पुसतात, चोळतात, गुंडाळतात. ते रडतं. आणि मन मागाहून, जरा उशिरानं, तिथं पोचतं. पौलाच्या त्या हुकुमाशी माझं भांडण तिथं मिटलं; आनंद करा म्हणजे तसं वाटून घ्या, असं तो म्हणतच नव्हता.

आता थोडं आमच्या गोठ्याबद्दल, नाही तर घरचे म्हणतील तेच राहिलं.

घरोघरी गोठा मांडायची पद्धत पसरली तिचं मूळ इटलीतल्या ग्रेचो गावात आहे. १२२३च्या नाताळला असिसीच्या संत फ्रान्सिसनं तिथं गव्हाणी मांडून घेतली, गवत आणलं, जिवंत बैल आणि गाढव उभं केलं, आणि तिथंच मिस्सा झाली. त्याचा चरित्रकार सांगतो की फ्रान्सिस ‘बेथलेहेम’ हा शब्द मेंढीनं बेंऽ करावं तसा उच्चारायचा. आठशे वर्षं झाली, पण हे वाचलं की त्या रात्री तिथली लहान मुलं किती हसली असतील ते दिसतं. तोच चरित्रकार पुढं म्हणतो की त्या गव्हाणीतलं गवत अडलेल्या बायांच्या अंगावर ठेवलं की त्या सुखरूप मोकळ्या व्हायच्या. लेबर रूममध्ये असलं काही मी चालू देणार नाही. पण ग्रेचोच्या बायकांना गव्हाणी पाहून पहिल्यांदा अडलेली बाळंतीण आठवली, ह्याचं मला फार बरं वाटतं.

आमच्या गोठ्यातली मरिया, योसेफ आणि बाळ वडिलांनी विकत आणलेले, प्लॅस्टरचे. मेंढपाळ आईनं शाडूचे केले. एक धनगर आहे, डोक्याला लाल मुंडासं आणि खांद्यावर खऱ्या घोंगड्याचा तुकडा. त्याचं नाक दर वर्षी थोडं झिजतं. गव्हाणीत कडब्याची पानं, कारण इथं तेच मिळतं. ज्वारीच्या मुलखात जन्मलेला येशू कडब्यावर निजणार, दुसरं काय. २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते. फराळ आईच्या पद्धतीचा: करंजी, शंकरपाळी, चिवडा, आणि सोलापूरकर म्हणून शेंगापोळी. मटण दुपारी, कडक भाकरीबरोबर.

शेजारी अक्का राहतात. पद्मशाली, आयुष्यभर विड्या वळल्या, मुलाचे टॉवेलचे माग आहेत. गोठा बघायला नातवंडांना घेऊन दर वर्षी येतात आणि दर वर्षी गोठ्यात काही तरी खोट काढतात. बैल नीट नाही, चांदणी वाकडी आहे, योसेफ असा लांब का उभा आहे. एका वर्षी त्या बाळाकडं बघून थांबल्या आणि माझ्यावरच घसरल्या.

“काय ओ ताई, तुम्ही दवाखान्यात असता नि तुम्हाला कळंना का? एवढ्या थंडीत लेकरू उघडं ठेवलंय की!”

मूर्तीतल्या बाळाच्या कमरेला तेवढं एक घडीव फडकं आहे, कारागिरानं बाकी काही केलेलं नाही. मी सांगायला गेले की मूर्ती तशीच येते. अक्का ऐकेनात. घरी गेल्या, मुलाच्या मागावरच्या टेरी टॉवेलचा एक तुकडा कापून, चारी बाजूंनी टीप मारून घेऊन आल्या आणि स्वतः बाळाला गुंडाळलं, सराईतपणे, डोक्यावरून घेऊन पायाशी खोचून. सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा आमचा येशू त्या बाबतीत कुणापेक्षा कमी नाही. मी तपासणारीच्या नजरेनं पाहिलं. गुंडाळणं अगदी पुस्तकाप्रमाणं होतं. तोंड मोकळं, छाती आवळलेली नाही.

तेव्हापासून ते काम त्यांचंच. मिस्सेहून येऊन आम्ही बाळ गव्हाणीत ठेवतो आणि २५च्या सकाळी अक्का टॉवेल घेऊन हजर. आत येताना चप्पल बाहेर काढतात, गोठ्यापुढं हात जोडतात, मग गुंडाळतात, मग शेंगापोळीत गूळ कमी पडला असं सांगतात.

चर्चच्या पंचांगाप्रमाणं नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कधी तरी. त्यानंतर गोठा आवरायचा. पण नेमकी तेव्हाच इकडं गड्ड्याची गर्दी सुरू होते. अक्षता सोहळ्याला अक्कांची माहेरची माणसं गावाहून येतात आणि त्या सगळ्यांना आमचं बाळ दाखवायचं असतं. “यात्रा होईस्तोवर राहू द्या की ओ, लगेच कशाला डब्यात घालताय त्याला,” असं म्हणतात. त्यामुळं आमच्या घरात नाताळ गड्ड्यापर्यंत चालतो. फादरांना मी हे अजून सांगितलेलं नाही.